महापूर, दुष्काळ आणि सातबारा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



कृष्णा खोऱ्यातील पाण्याविषयी मी आज बोलावे, असे संयोजकांनी सुचविले आहे. हा विषय तांत्रिक आहे अशी आपल्यातील पुष्कळांची समजूत असते आणि तो अभियंत्यांच्या स्वाधीन करून आपण मोकळे होतो. परंतु पाणी कोठे अडवावे, कोणाकडे वळवावे आणि कोणाच्या घरात शिरू द्यावे हे प्रश्न अखेर सत्तेचे व मालमत्तेचे आहेत. म्हणून ते आपलेही आहेत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०१९ चा उन्हाळा माणदेशातील हजारो कुटुंबांनी जनावरांसह चारा छावण्यांत काढला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. तेथे पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि अनेक जीव गेले. एका जिल्ह्याच्या पश्चिमेस बोटी फिरत होत्या आणि पूर्वेस जत, आटपाडीकडे टँकर फिरत होते. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला. त्या वेळी पाटण तालुक्यात डोंगर कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या.

कृष्णेच्या उगमाशी, महाबळेश्वरी, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून शंभर-दीडशे किलोमीटरवर असलेल्या माण-आटपाडीत पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. ही निसर्गाची जुनी रचना आहे. नवे आहे ते पावसाचे वागणे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ते बाष्प थोड्या दिवसांत एकदम कोसळते आणि मधले खंड लांबतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. माणच्या शेतकऱ्याला वर्षभरातही न मिळणारे पाणी तेथे चोवीस तासांत पडले.

आपली धरणे मात्र जुन्या पावसाच्या हिशेबाने चालतात. सिंचन आणि वीज यांच्या दृष्टीने धरण लवकर भरलेले चांगले. पूर अडवायचा तर ते ऑगस्टमध्येही काहीसे रिकामे हवे. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत आणि कोणतेही यंत्र हा विरोध नाहीसा करू शकत नाही. जागा रिकामी ठेवली आणि नंतर पाऊस आला नाही, तर लाभक्षेत्राचे नुकसान. भरून ठेवली आणि अतिवृष्टी झाली, तर नदीकाठचा विनाश. हा धोका कोणी किती पत्करायचा याचा निर्णय आज बंद दाराआड होतो. तो नदीकाठचे पूरग्रस्त, लाभक्षेत्रातील शेतकरी आणि दुष्काळी तालुके या तिघांच्या प्रतिनिधींसमक्ष, आकडे उघडे ठेवून झाला पाहिजे. ज्यांना इतरांसाठी झीज सोसावी लागेल, त्यांना भरपाईही मिळाली पाहिजे.

दर महापुरानंतर अलमट्टीचे नाव घेतले जाते. दोन राज्यांनी धरणांचे विसर्ग एकमेकांशी मेळ घालून ठरवावेत, हे निर्विवाद आहे आणि त्याबाबत कर्नाटकाकडे आग्रह धरलाच पाहिजे. परंतु २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही. नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे तिने लक्ष वेधले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. त्या रेषांच्या आत बंगले, दुकाने आणि भराव कोणाच्या सहीने उभे राहिले, हे नगरपालिकेच्या दप्तरात सापडते. अलमट्टीकडे बोट दाखविले की ते दप्तर उघडावे लागत नाही.

आता दुष्काळाकडे वळू. बच्छावत लवादाने १९७३ च्या निवाड्यात कृष्णा खोऱ्यातील ५६० टी.एम.सी. पाणी महाराष्ट्राला दिले. त्यापूर्वीपासूनच मोठा हिस्सा खोऱ्याबाहेर, सह्याद्रीच्या पश्चिमेस, वीजनिर्मितीसाठी वळविला जात होता. कोयनेतून यासाठी ६७.५ टी.एम.सी.ची मर्यादा आहे आणि टाटांच्या धरणांतून सुमारे ४२ टी.एम.सी. जाते. त्यांतल्याच एका धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता, याचे स्मरण येथे अनाठायी ठरू नये. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्याचा दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणता येईल. आज सूर्यापासून स्वस्त वीज मिळते. सायंकाळी एकाएकी वाढणारी मागणी भागविण्यास कोयना उपयोगी पडते हे खरे आहे आणि पुराच्या दिवसांत काही पाणी पश्चिमेस गेलेले हिताचेही आहे. पण पावसाळा संपल्यावर दुष्काळी पूर्वेला तहानलेले ठेवून साठ्यातील पाणी समुद्राकडे सोडण्याची रीत टप्प्याटप्प्याने बदलता येईल. तशी मागणी आपण केली पाहिजे.

पुराचे पाणी मराठवाड्याकडे वळविण्याच्या योजनांचीही चर्चा आहे. त्यांना माझा सरसकट विरोध नाही; एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. फक्त एक साधा हिशेब मांडावा. दोन लाख क्युसेकने वाहणारी नदी एका दिवसात सुमारे १७ टी.एम.सी. पाणी नेते. पाच हजार क्युसेकचा बोगदा अहोरात्र चालला तरी त्यातून अर्धा टी.एम.सी.सुद्धा जात नाही. म्हणून अशा बोगद्याने सांगलीचा पूर टळेल, असे कोणी सांगत असेल तर ती फसवणूक आहे. मराठवाड्याला त्यातून पाणी मिळू शकेल. पण तेथे ते कोणाच्या शेतात जाईल, हे योजनेच्या आरंभीच ठरले पाहिजे.

कारण पाणी आणल्याने दुष्काळ हटतोच असे नाही. राज्यात पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी पितो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नमूद केले होते. हे बोलणे अप्रिय आहे. आपले कितीतरी सहकारी ऊस उत्पादक आहेत. साखर कारखानदारीने या भागाला शाळा, दवाखाने आणि रोजगार दिला, हेही नाकारता येत नाही. त्यांना एका रात्रीत ऊस उपटा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्वारी, डाळी व तेलबियांना हमीभावाने खरेदीची खात्री आधी द्यावी लागेल. पण त्याबरोबर पाण्याला मर्यादाही घालावी लागेल. मत गमावण्याच्या भीतीने हे न बोलणारा पक्ष समतेचे नाव कोणत्या तोंडाने घेणार?

पर्याय पुस्तकी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास कमाल अडीच एकरांपुरते, भूमिहीनालाही हक्क, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि ऊस घ्यायचा नाही. पुढे ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडी व बलवडीच्या ग्रामस्थांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने बळीराजा धरण बांधण्यास घेतले आणि त्याचे पाणी समन्यायाने वाटण्याचे ठरविले. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. टेंभूसारख्या उपसा योजनांना त्या संघर्षाने रेटा दिला आणि मिळालेले पाणी सर्व कुटुंबांना वाटले जावे, हा आग्रह कायम ठेवला.

साथींनो, माझा मुख्य मुद्दा येथे येतो. महापुराची मदत पिकासाठी असो वा जमीन खरवडून गेल्याबद्दल असो, ती सातबारा पाहून दिली जाते. कालव्याचे पाणीही सातबारा पाहूनच मिळते. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो शेतमजूर, तोंडी कराराने जमीन कसणारा वाटेकरी, नावावर जमीन नसलेली स्त्री, बीडहून फडात आलेला ऊसतोड कामगार हे सारे दोन्ही वेळा यादीबाहेर राहतात. पुरात त्यांची मजुरी बुडते आणि दुष्काळात त्यांनाच गाव सोडावे लागते. हवामान बदलत जाईल तसतशा या दोन्ही आपत्ती वाढतील आणि प्रत्येक आपत्तीतून ही विषमता अधिक घट्ट होत जाईल. पाणी व मदत यांचा हक्क जमिनीपासून सोडवून माणसाशी जोडणे, हे म्हणूनच आपल्या पाणीधोरणाचे पहिले सूत्र असले पाहिजे. २००५ च्या कायद्यांनी जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, पाणी वापर संस्थांना वैधानिक रूप मिळाले. परंतु तेथेही सभासद होण्याची अट जमीनधारणेचीच राहिली.

लोहियांनी कार्यकर्त्याला फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी तीन साधने सांगितली होती. या प्रश्नात तिन्हींना काम आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावात तीन गोष्टी कराव्यात. नदीकाठच्या गावांनी निळी व लाल रेषा प्रत्यक्ष जागेवर चुन्याने आखून दाखवावी आणि तिच्या आतील बांधकामांची यादी ग्रामसभेत वाचावी. प्रत्येक गावाने सातबारा नसलेल्या कुटुंबांची नोंदवही तयार करून ती तहसीलदाराकडे पोहोच घेऊन द्यावी, म्हणजे पूर ओसरल्यावर पंचनाम्याच्या वेळी वाद उरणार नाही. उपसा योजनेखालील गावांनी कुटुंबागणिक पाणीवाटपाचा ठराव करावा. असे ठराव धूळ खात पडतील, अशी शंका आपल्या मनात येईल. ती रास्त आहे. म्हणूनच ठरावानंतर पाटबंधारे कार्यालयापुढे बसण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि तेथे माणच्या शेतकऱ्याशेजारी सांगलीचा पूरग्रस्त बसलेला असावा लागेल. आजवर या दोघांना एकमेकांपासून वेगळे ठेवूनच राज्य केले गेले. त्यांना एका सतरंजीवर आणण्याचे काम आपले आहे.