खुनाचं कोडं सुटतं, लग्न सुटत नाही

आजचा भाग ऑफिसातून आल्या आल्या रेकॉर्ड करतेय, त्यामुळे मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या. ब्लॉगवर वाचणाऱ्यांची मजा आहे, तुम्हाला ती ऐकावी लागणार नाही.

तर आजचा विषय. अशी पुस्तकं, जी मी बरीच वर्षं जवळजवळ लपवून वाचली. ऐतिहासिक रहस्यकथा, आणि त्यात चवीपुरतं प्रेम. लपवून अशासाठी, की बीटेकच्या हॉस्टेलमध्ये आजूबाजूला सगळे एकतर सायन्स फिक्शन वाचायचे नाहीतर स्टार्टअपवाल्यांची चरित्रं. कोणी विचारलं तर मी सांगायचे, 'अरे, डिटेक्टिव्ह आहे.' प्रेमाचा भाग गाळून. खून वाचणं चालतं, प्रेम वाचलं की माणूस हलका ठरतो, असं काहीतरी गणित होतं. अजूनही आहे म्हणा.

आज मला उलटं सांगायचंय. या पुस्तकांमधलं ते चवीपुरतं प्रेम काढून टाकलं, तर इतिहासही जातो. उरतात फक्त टांगे, गॅसचे दिवे आणि नऊवारी. हे मला एका पुस्तकामुळे कळलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या मावशीमुळे. तिच्याकडे शेवटी येते.

आधीच सांगते, खुनी कोण हे एकाही पुस्तकाचं फोडणार नाही. बाकीचं थोडं फुटेल.

पुस्तक आहे सुजाता मॅसी यांचं 'द विडोज ऑफ मलबार हिल', २०१८ सालचं. भारतात ते वेगळ्या नावानं आलं, त्यात 'मर्डर' हा शब्द आहे, म्हणजे आपल्याला विधवा विकत नाहीत, खून विकतो असं प्रकाशकाला वाटलं असावं. नायिका पर्वीन मिस्त्री. साल १९२१, शहर मुंबई. ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली पारशी मुलगी, फोर्टमध्ये वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटरचं काम करते. कोर्टात उभं राहायची परवानगी नाही, कारण बाई. म्हणजे कागदपत्रं तिनं तयार करायची आणि कोर्टात बोलायचं वडिलांनी. आमच्या भाषेत, कोड लिही पण प्रॉडक्शनला हात लावू नकोस.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, आमच्या नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मग ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. तिथे ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या बाई. परीक्षा देऊ दिली, पण पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! आणि भारतात बायकांना वकिलीचं दार कायद्यानं उघडलं ते १९२३ साली. मधल्या काळात त्यांनी पडद्यात राहणाऱ्या बायकांच्या इस्टेटीची कामं पाहिली. सुजाता मॅसी यांनी पर्वीन उभी केली ती कॉर्नेलिया सोराबजी आणि मुंबईच्या मिठन टाटा लाम या दोघींवरून. मी नाशिकमध्ये अठरा वर्षं काढली, आणि हे नाव मला कळलं ते बाल्टिमोरमध्ये राहणाऱ्या लेखिकेच्या कादंबरीतून. असो.

गोष्ट अशी आहे. मलबार हिलवर एक गिरणीमालक वारतो, ओमर फरीद. त्याच्या तीन विधवा एका बंगल्यात कडक पडद्यात राहतात. त्या तिघींनी आपला मेहेर, म्हणजे हक्काची रक्कम, धर्मादाय वक्फला देऊन टाकल्याचा कागद पर्वीनसमोर येतो. आणि तीनपैकी एकीनं सहीच्या जागी नुसती फुली मारलेली असते. जिला वाचता येत नाही तिनं सगळं देऊन टाकलं, हे तिला कळलं तरी होतं का?

मला हे फार आवडतं. दिवसभर मी लॉग्स वाचून बग शोधते. कुणी, कधी, कुठून काय केलं, सगळं कुठेतरी नोंदलेलं असतं. आजच्या काळातली रहस्यकथा पण तशीच झालीय, सीसीटीव्ही, मोबाइल टॉवर, कॉल रेकॉर्ड. १९२१ मध्ये यातलं काही नाही. आहे काय तर एक फुली. आणि त्या फुलीमागची बाई गाठायची तर जाळीच्या पलीकडे जावं लागतं, जिथे कुठलाही पुरुष पोलीस जाऊ शकत नाही. जी गोष्ट पर्वीनला कोर्टाबाहेर ठेवते, तीच तिला त्या बंगल्यात आत नेते. बाई असणं. या एका अटीवर अख्खं कथानक चालतं. इतिहास इथे मागचा पडदा नाहीये, तपासाचा नियम आहे. चांगली ऐतिहासिक रहस्यकथा ओळखायची माझी खूण हीच, की तोच खून आजच्या काळात आणून ठेवला तर गोष्ट कोसळली पाहिजे.

आता प्रेमाकडे येऊ.

पुस्तकात दोन काळ आळीपाळीनं येतात. १९२१ चा तपास, आणि त्याच्या चार-पाच वर्षं आधीची पर्वीन, जी कायदा शिकत असताना कलकत्त्याच्या सायरस सोडावाला नावाच्या देखण्या माणसाच्या प्रेमात पडते. लग्न करून कलकत्त्याला जाते. आणि तिथे कळतं, की सासरी पाळीच्या दिवसांत बाईला वेगळ्या कोंदट खोलीत कोंडतात. आपल्याकडे 'कावळा शिवला' म्हणायचे ना, तेच, फक्त जास्त कडक. माझ्या आजीनं हे पाळलंय, त्यामुळे मला ते पारशांचं वगैरे वाटलंच नाही. नवरा बाहेरख्याली निघतो, तिला आजार देतो, हात उचलतो. ती पळून मुंबईला आई-वडिलांकडे येते.

इथपर्यंत ही गोष्ट आपण शंभर वेळा ऐकली आहे. पुढचं वाचताना मी थांबले. पर्वीनला घटस्फोट मिळत नाही. का? तर पारशांसाठी १८६५ चा विवाह आणि घटस्फोटाचा कायदा होता. बायकोनं व्यभिचार केला, एवढं नवऱ्याला पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला क्रौर्य, नाहीतर सोडून देणं, असं काहीतरी जोडावं लागायचं. नुसता परस्त्रीसंबंध चालायचा, पण ती बाई वेश्या नसली तरच. वेश्येकडे गेला तर कायद्याच्या लेखी तेवढ्यानं काही बिघडत नव्हतं. हो, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी सर्च करून मूळ मजकूर वाचला, कारण मला वाटलं लेखिकेनं नाट्यासाठी वाढवलंय. नाही वाढवलेलं. हा कायदा बदलला १९३६ मध्ये.

म्हणून पर्वीनला मिळतं काय, तर विभक्त राहण्याची परवानगी. नवऱ्याच्या घरी जायची सक्ती नाही, पण दुसरं लग्नही नाही. तेविशीतली मुलगी, आयुष्यभर कायद्यानं त्याचीच बायको.

आणि हे काही फक्त पारशांचं नाही. उलट त्यांच्याकडे निदान कायदा तरी होता. आपल्याकडे रखमाबाईंचा खटला आठवा. १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. जातीच्या रूढीतला काडीमोड सोडला, तर हिंदू बाईला कायद्यानं घटस्फोट मिळायला मुंबई प्रांतात १९४७ साल उजाडलं आणि देशभर १९५५.

आता हे डोक्यात ठेवून मालिकेतलं दुसरं पुस्तक वाचा, 'द सातापूर मूनस्टोन', २०१९ चं. सह्याद्रीतलं एक काल्पनिक संस्थान, पावसाळा, लहान राजपुत्र, भांडणाऱ्या दोन राण्या, त्याही पडद्यात. तिथे पर्वीनला कॉलिन सँड्रिंगहॅम नावाचा इंग्रज पोलिटिकल एजंट भेटतो. दोघं जेवायला बसतात, कामाचं बोलतात, एकमेकांना हसवतात. बस्स. आजच्या कुठल्याही वेब सीरिजमध्ये हे दोघं दुसऱ्या एपिसोडला कुठे पोचले असते ते तुम्हाला माहीतच आहे. पण इथे नुसतं व्हरांड्यात उशिरापर्यंत बोलत बसणं हाच धोका आहे. कोणी पाहिलं, कोणी मुंबईत बोललं, तर तिची अब्रू जाईल, वडिलांची फर्म जाईल. म्हणून मला एका साध्या संध्याकाळच्या जेवणात खुनाच्या प्रसंगापेक्षा जास्त धडधड झाली. प्रेम 'चवीपुरतं' का असतं, तर जास्त परवडणारं नसतं. ती लेखिकेची लाज नाही, त्या काळानं लावलेली किंमत आहे.

आणि इथेच या प्रकाराची खरी गंमत आहे असं मला वाटतं. खुनाचं तिकीट प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी क्लोज होतं. त्या काळात आजच्यासारखं फॉरेन्सिक नव्हतं, पोलीस इंग्रजांचे होते, तरी कोडं सुटतं. पण दोन माणसांनी एकत्र राहायचं, हे साधं काम एका पुस्तकात, दोन पुस्तकांत, तीन पुस्तकांत सुटत नाही. खुनी एक माणूस असतो, त्याला पकडता येतं. कायद्याला कोण पकडणार? आपण पुढचं पुस्तक घेतो ते त्या उघड्या तिकिटासाठी.

नेव्ह मार्च यांच्या 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे'मध्येही हेच, २०२० चं पुस्तक. २५ एप्रिल १८९१ ला मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून दोन तरुण पारशी बायका पडून मेल्या, ही खरी घटना. खटला झाला, आरोपी सुटला, नेमकं काय घडलं ते कधीच ठरलं नाही. कादंबरीतला जिम अग्निहोत्री जखमी होऊन लष्कर सोडलेला, अर्धा हिंदी अर्धा इंग्रज, बापाचं नाव नसलेला, आणि शेरलॉक होम्स वाचून बिघडलेला. तो हा तपास घेतो आणि त्याच पारशी घरातल्या मुलीच्या, डायनाच्या, प्रेमात पडतो. इथे आड येतो तो समाज. टॉवरवर काय झालं हे शोधणं त्याला सोपं जातं, त्या घराच्या जेवणाच्या टेबलावर आपली जागा कोणती हे शोधणं अवघड.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती करणारच. पर्वीनचा कॉलिन इंग्रज. वसीम खान यांच्या 'मिडनाइट ॲट मलबार हाउस'मधली पर्सिस वाडिया, स्वातंत्र्यानंतरची मुंबईतली पोलीस इन्स्पेक्टर, जबरदस्त पात्र आहे, पण तिच्या मनात भरतो तो आर्ची ब्लॅकफिंच, तोही इंग्रज. जिम पण अर्धा. मुंबईत समजूतदार, बाईचं ऐकून घेणारा देशी पुरुष एकही नव्हता का? न्यायमूर्ती रानडे रमाबाईंना घरात विरोध असताना शिकवत होते, ते काय मंगळावर? मला वाटतं पुस्तकं छापली जातात लंडन-न्यूयॉर्कला, तिथल्या वाचकाला धरायला एक ओळखीचा चेहरा लागतो. बरं, कॉलिन मला आवडतो, हा भाग वेगळा. वंशाचा अडथळा आला की प्रेम आणखी अशक्य होतं, तेही मान्य. पण प्रत्येक वेळी?

आपल्याकडे मराठीत अशा कादंबऱ्या कमी आहेत हे खटकतं. ऐतिहासिक कादंबरी आहे, गडांची आणि लढायांची. रहस्यकथा तर बाबूराव अर्नाळकरांनी ढिगानं लिहिल्या. दोन्ही एकत्र करून, समजा १८९७ च्या प्लेगमधलं पुणं घ्या. घराघरांत तपासणी, सोजिरांची भीती, लोक गाव सोडून झोपड्यांत राहतायत, आणि त्यात प्लेगनं मेला म्हणून नोंदलेला एक माणूस प्लेगनं मेलेलाच नाही. कोणीतरी लिहा ना. मी पहिली प्रत घेते.

आता मावशी.

माझी मावशी १९९६ मध्ये माहेरी परत आली. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. नवऱ्यानं घटस्फोट दिला नाही, हिनं केस लावली, तारखा पडत राहिल्या, मग कधीतरी तिनं जायचंच सोडलं. बँकेत नोकरी केली, मागच्या वर्षी रिटायर झाली. मंगळसूत्र घालायची. लहानपणी मी विचारलं होतं, 'मावशी, काका कुठे असतात?' तर म्हणाली, 'हे घातलं की असले प्रश्न कमी येतात.' एवढंच. बँकेतले एक सर दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचे, बाहेरच्या खोलीत बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. आजी दार उघडं ठेवायची. आम्ही मुलं त्यांच्या चकल्यांवर तुटून पडायचो, बाकी काही कळायचं नाही.

गेल्या दिवाळीत मी नाशिकला पर्वीनची पहिली दोन पुस्तकं नेली होती. 'काय वाचतेस गं एवढं?' मी सवयीनं म्हटलं, 'डिटेक्टिव्ह आहे.' तिनं पहिलं उचललं. ती इंग्रजी सावकाश वाचते, बोट ठेवून. मी पुण्याला परतले तेव्हा दोन्ही तिच्याकडेच राहिली.

जानेवारीत रात्री दहा वाजता फोन. मला वाटलं कोणाला बरं नाही. म्हणाली, 'दुसरं पण झालं वाचून.' मी विचारलं, 'खुनी ओळखलास का?' तर म्हणे, 'ते जाऊ दे. त्या कॉलिनचं पुढे काय होतं?'

मी म्हटलं, तिसऱ्या पुस्तकात तो मुंबईला येतो. नोव्हेंबर १९२१, प्रिन्स ऑफ वेल्सची भेट, शहरात दंगल, आणि त्यात तो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'येतो ना? मग पाठव.'

मी कुरिअर केलं. मी अजून चौथं घेतलेलं नाही, तिनं आधीच ऑनलाइन मागवलंय, आणि तिसरं काही परत आलेलं नाही. या दिवाळीला मागायला जाणार आहे. ते सर येतात का अजून, हेही विचारायचंय, बघू धीर होतो का.

चला, कुकर थंड झाला. पुढच्या भागात भेटू.