ठिगळ खिशात ठेवू नका



कापड फाटले की आपण ठिगळ लावतो. सॉफ्टवेअरच्या कोडला लावलेल्या ठिगळाला पॅच म्हणतात. कोणत्या फाइलमधली कोणती ओळ काढली, कोणती घातली, एवढेच त्यात असते. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही लिनक्सची वेगवेगळी वितरणे. मूळ सॉफ्टवेअर बहुतेक तेच. पण प्रत्येक जण आपापली ठिगळे लावतो. प्रश्न एवढाच, की ती इतरांना दिसतात का?

२००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलच्या कोडमधल्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. कोड तपासणारे साधन त्यांवर इशारा देत होते. हेतू वाईट नव्हता. मूळ प्रकल्पाच्या मंडळींना आधी विचारलेही होते. पण तयार पॅच रीतसर तपासणीसाठी त्यांच्याकडे गेला नाही. परिणाम असा, की गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ संपली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूतही हा दोष गेला. तो जाहीर झाला मे २००८ मध्ये, आणि जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या.

यातून धडा घेतला गेला. आज डेबियनच्या बहुतेक पॅकेजांत पॅच वेगवेगळ्या फाइलींत ठेवलेले असतात, कोणालाही वाचता येतात. डेप-३ या नियमावलीप्रमाणे प्रत्येक पॅचच्या माथ्यावर लिहायचे असते : बदल कशासाठी, आला कुठून, मूळ प्रकल्पाकडे पाठवला का? फेडोराचे धोरणही हेच, की दुरुस्ती आधी उगमाकडे पाठवा. उगमात गेलेली दुरुस्ती सगळ्यांना मिळते. आपल्यापाशी ठेवलेली मात्र दर नव्या आवृत्तीला पुन्हा लावत बसावी लागते.

हे सांगताना मी स्वतःला वेगळा काढत नाही. एका वाचनालयाच्या संगणकावर पुस्तकांची यादी मराठी वर्णक्रमाने लागत नव्हती. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. त्यामुळे 'काळ' हा शब्द 'काव्य'च्या आधी येई. मी चार ओळी बदलल्या, शाबासकी घेतली आणि घरी आलो. ना कुठे नोंद केली, ना मूळ प्रकल्पाला कळवले. वर्षाने नवी आवृत्ती आली आणि माझे ठिगळ पुसले गेले. तिथल्या मुलीने दोन दिवस हाताने यादी लावली. तिला ठाऊकच नव्हते, की हे काम एकदा झालेले आहे.

ते दोन दिवस मी तिचे घेतले, असे मला वाटते. मग मी तो बदल कारणासह लिहून काढला आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवला. तो अजून स्वीकारलेला नाही. त्यांनी दोन शंका विचारल्या आहेत. त्या रास्त आहेत. उत्तर मी आज रात्री लिहिणार आहे.