सुवर्ण तास आणि अभयदान

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आयुष्यभर कापड दुकानाची गादी सांभाळली, एवढीच माझी ओळख. तरीही अपघातातील जखमीला मदत करणाऱ्याला कायदा काय संरक्षण देतो, हा विषय मी निवडला आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

आपले कन्हान जबलपूर रस्त्यावर वसलेले. कोळशाच्या ट्रकांची ये-जा आपण लहानपणापासून पाहत आलो. १९९४ साली एका ट्रकने सायकलस्वाराला उडविले. शेजारच्या दुकानदारासह मी त्याला उचलून रुग्णालयात नेले. तो वाचला. परंतु मला मध्यरात्रीपर्यंत बसवून ठेवण्यात आले. "सेठजी, धडक तुमच्याच गाडीची नाही कशावरून?" असेही विचारण्यात आले. पुढे साक्षीसाठी तारखांवर तारखा पडल्या आणि दर तारखेला दुकान बंद ठेवावे लागले.

२००३ साली पुन्हा तसाच प्रसंग आला. एक कोवळा मुलगा रस्त्यावर पडला होता. त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवरून खाली उतरलो नाही. कोणीतरी नेईलच, अशी मनाची समजूत घातली. तो मुलगा वाचला की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. दर वर्षी क्षमावाणीला त्याची आठवण होते. पण क्षमा मागावी तरी कोणाकडे?

बंधू-भगिनींनो, माझ्या त्या भयाला आता कायद्याचा आधार उरलेला नाही, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

परमानंद कटारा खटल्यात २८ ऑगस्ट १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता जखमीचे प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने परत पाठविले आणि दूरच्या रुग्णालयाच्या वाटेवर त्याचा अंत झाला, अशा वृत्तावरून ते प्रकरण न्यायालयात गेले होते. पुढे सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. जखमीला आणणारा नातेवाईक नसेल, तर त्याला रुग्णालयाने अडवून ठेवू नये किंवा दाखल करण्याचे पैसे मागू नयेत, असे त्यांत स्पष्ट आहे.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने, स्वेच्छेने व मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याच्या हातून काही चूक होऊन जखमीला इजा झाली अथवा मृत्यू आला, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तो आपणहून साक्षीदार झाला, तर त्याच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी, घरी किंवा दुकानातही, साध्या वेशातील पोलिसाने एकाच बैठकीत जबाब पूर्ण करावयाचा असतो. हे हक्क प्रत्येक रुग्णालयाने दर्शनी भागी लावले पाहिजेत.

मात्र व्यापारी माणसाने जमेबरोबर नावेची बाजूही पाहावी. पहिली गोष्ट, हे कलम मोटार अपघातापुरते आहे. कोणी कन्हान नदीत बुडाला वा रेल्वेखाली सापडला, तर ते लागू होत नाही. तेथे भारतीय न्याय संहितेचे कलम ३० उपयोगी पडते. संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेले कृत्य, कायद्याने घातलेल्या मर्यादेत, गुन्हा ठरत नाही. परंतु योग्य काळजी न घेता केलेल्या कृतीला ही संहिता सद्भावना मानत नाही. नुसता चांगला हेतू पुरेसा नाही, हात शिकलेलेही हवेत.

दुसरी गोष्ट न्यासाशी संबंधित आहे. आपण रुग्णवाहिका सुरू करण्याचा विचार करीत आहोत. पगारी चालक किंवा परिचारक विनामोबदला मदतकर्त्याच्या व्याख्येत सहजी बसत नाही. त्याच्या हातून अपघात घडला, तर वाहनमालक म्हणून न्यासावरही भरपाईची जबाबदारी येऊ शकते. म्हणून चालकाचा परवाना, वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि प्रत्येक फेरीची लेखी नोंद यांत कसूर नसावी. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिल्याशिवाय गाडीचे चाक फिरू नये, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची सेवा आहेच. आपली गाडी तिला पूरक ठरावी.

कायद्याने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला सुवर्ण तास म्हटले आहे. तातडीच्या उपचारांनी मृत्यू टळण्याची शक्यता त्या तासात सर्वाधिक असते. पन्नास वर्षांचा सुवर्णमहोत्सव आपण थाटाने साजरा करीत आहोत. त्याची खूण म्हणून प्रत्येक घरातील निदान एका तरुणाने प्रथमोपचार शिकावा आणि मदतकर्त्याच्या हक्कांचा मराठी फलक प्रत्येक दुकानात लागावा. आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान आणि ज्ञानदानासोबत अभयदानही सांगितले आहे. मदत करणाऱ्याच्या मनातील भय काढणे हेही मी अभयदानच समजतो.

तशी वेळ पुन्हा आली, तर या वयातही मी ती पायरी उतरेन. माझ्या पाठोपाठ आपणही उतरावे, एवढेच मागणे मागून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!