पाताळाचा राजा हेडीस

मृत्यूचं नाव सहसा कोणी तोंडावर आणत नाही. प्राचीन ग्रीस देशातही हीच रीत होती. त्यांच्या पाताळाच्या राजाचं नाव हेडीस. ‘न दिसणारा’ असा त्याचा अर्थ ते लोक लावीत. पण हे नाव घ्यायला जीभ धजत नसे. म्हणून ‘प्लूटॉन’, म्हणजे संपत्ती देणारा, असंही म्हणत. आता तुम्ही विचाराल, मृत्यूच्या राजाजवळ कसली संपत्ती? शेतकऱ्याला हे सांगायला नको. धान्य वर येतं ते जमिनीच्या पोटातून, आणि सोनं-चांदी निघते तीही तिथूनच.

हे राज्य त्याच्या वाट्याला कसं आलं? होमरच्या ‘इलियड’ काव्यात ती हकीकत आहे. तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. झ्यूसला आकाश मिळालं, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला पाताळ. भूमी तेवढी सामाईक राहिली.

शिक्षकबंधूंनी मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. हेडीस म्हणजे सैतान नव्हे. तो कठोर आहे, पण दुष्ट नाही. आपल्याकडे चित्रगुप्त हिशेब ठेवतो आणि यमधर्म न्याय देतो. ग्रीक कथांत निवाड्याचं काम मिनॉस, ऱ्हाडामँथस आणि इआकस या तिघांकडे आहे. हेडीसचं काम एकच, आलेल्याला परत जाऊ द्यायचं नाही. त्याच्या दाराशी सर्बेरस नावाचा कुत्रा असतो. आत येणाऱ्यापुढे तो शेपूट हलवतो, बाहेर निघणाऱ्याला मात्र फाडून खातो. वाटेत नदी लागते. केरॉन नावाचा नावाडी पार नेतो. त्याच्या उताराईसाठी मृताच्या तोंडात नाणं ठेवीत. उत्खननात काही कबरींत अशी नाणी मिळालीही आहेत.

पण या राजाच्या दारातूनही एक जीव परत आला. ती कथा डिमीटरच्या प्राचीन स्तोत्रात आहे. डिमीटर ही धान्याची देवी, आणि पर्सेफोनी तिची मुलगी. मुलगी कुरणात फुलं वेचीत होती. एकाएकी धरणी दुभंगली आणि हेडीसनं तिला रथातून पळवून नेलं. बाप झ्यूस, त्याची याला संमती होती. आईला मात्र कोणी विचारलं नाही, आणि मुलीलाही नाही!

डिमीटरनं काय केलं? तिनं बी उगवूच दिलं नाही. बैलांनी नांगर ओढले ते फुकट, पेरलेले जव वाया गेले. माणसं उपाशी मरू लागली. देवांना नैवेद्य मिळेना. तेव्हा झ्यूस नमला. मुलगी परत निघाली, पण निघताना हेडीसनं तिला डाळिंबाचा दाणा खाऊ घातला. पाताळातलं अन्न पोटात गेलं की नातं तुटत नाही. अखेर तडजोड झाली : वर्षाचा एक तृतीयांश काळ, म्हणजे चार महिने, ती हेडीसकडे राहील आणि आठ महिने आईपाशी.

हे चार महिने बहुधा हिवाळ्याचे मानतात. पण ग्रीसमध्ये गहू-जव पेरतात शरद ऋतूत, कापणी होते उन्हाळ्याच्या तोंडाशी. हिवाळ्यात शेत हिरवं असतं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, हे महिने कडक उन्हाळ्याचे असावेत. तेव्हा रान उघडं पडतं आणि बियाणं जमिनीखाली साठवलेलं असतं. आपल्याकडची पेवं तुम्हाला आठवतील.

अथेन्सजवळ एल्युसिस इथं या मायलेकींचा उत्सव हजारांहून अधिक वर्षं चालला. गुलामांनाही तिथं दीक्षा मिळे. दीक्षा घेतलेल्याला मरणानंतर बरी गती मिळते, अशी श्रद्धा होती. इसवी सनाच्या चौथ्या शतकाअखेर तो बंद पडला. देवळाचे अवशेष आजही आहेत.

१९३० साली सापडलेल्या दूरच्या ग्रहाला प्लूटो हे नाव दिलं, ते याच राजाचं. २००६ पासून त्याची गणना बटुग्रहांत होते. वर्गात तो धडा आला, तर ही कथाही सांगा. मातीत गेलेलं सगळंच संपत नाही, ही गोष्ट ग्रीक शेतकऱ्यानं पेरणी करता करता ओळखली होती.