आधी पाणी, मग कॅमेरा
(मोर्शी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वऱ्हाडातून मालवण-तारकर्लीला सहलीसाठी जाणाऱ्यांपैकी अनेकजण आता पाण्याखाली डोकावून येतात. त्यातला मोठा वर्ग प्रशिक्षकाने धरून नेलेला असतो आणि त्याच्या हाती कॅमेरा नसलेलाच बरा. आजचे बोलणे त्याच्यापुढच्या माणसासाठी आहे. ज्याने तारकर्लीच्या राष्ट्रीय स्कूबा संस्थेत, गोव्यात किंवा आणखी कुठे रीतसर अभ्यासक्रम केला, अठरा मीटरपर्यंत जाण्याचे प्रमाणपत्र मिळवले आणि जे दिसले ते टिपावे असे ज्याला वाटू लागले, त्याच्यासाठी. असा माणूस बहुधा दुकानापासून सुरुवात करतो. मेगापिक्सेल किती, लेन्स कुठली, नवे मॉडेल कधी येणार, हे तो आधी विचारतो. माझे म्हणणे असे की सुरुवात पाण्यापासून करावी. आपण ज्या पाण्यात उतरणार ते किती स्वच्छ आहे, यावर पहिला कॅमेरा ठरतो. आपल्या किनाऱ्याचे पाणी पाहिले, तर उत्तर लहान कॅमेऱ्याकडे, जवळच्या विषयाकडे आणि स्वतःच्या उजेडाकडे जाते.

पाणी हवेच्या सुमारे आठशेपट दाट आहे आणि ते प्रकाशाला सगळ्या रंगांत सारखे सोडत नाही. तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो. पाचेक मीटरवरच त्याचा बराचसा जोर गेलेला असतो. मग नारिंगी जातो, मग पिवळा. मोर्शीचे पिकलेले संत्रे पंधरा मीटर खाली नेले तर ते मळकट करडे दिसेल आणि टॉर्च टाकताच पुन्हा संत्रे होईल. हा तोटा खोलीपुरता नसतो, आडव्या अंतरातही तो तसाच होतो. मासा दोन मीटर दूर असेल, तर फ्लॅशचा उजेड दोन मीटर जातो आणि दोन मीटर परत येतो, म्हणजे चार मीटर पाण्याने त्यातला तांबडा खाल्लेला असतो. शिवाय वाटेतल्या प्रत्येक कणावर तो उजेड आपटतो. कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश लेन्सला अगदी लागून असल्याने तो उजेड थेट लेन्समध्ये परत येतो आणि छायाचित्रभर पांढरे ठिपके पडतात. कितीही महागडा सेन्सर घेतला तरी ते ठिपके तो तितक्याच निष्ठेने टिपतो.

आता मालवणचे पाणी पाहू. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा खडकाळ तळ त्यात येतो. दक्षिणेला देवबागजवळ कर्लीची खाडी समुद्राला मिळते. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, किनारा उथळ, भरती-ओहोटी तळ ढवळत राहते, त्यात सूक्ष्म प्लवकांची भर. म्हणून येथे उतरायचा हंगाम ढोबळमानाने ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही पाणी हिरवट. चांगल्या दिवशी आठ-दहा मीटरपर्यंत दिसते, पुष्कळदा तीन-चारच. अंदमान-लक्षद्वीपच्या निळ्या, पंचवीस मीटर दिसणाऱ्या पाण्याची छायाचित्रे पाहून जो येथे उतरतो, त्याच्या पदरी हिरवे धुके पडते. पाण्याखालच्या छायाचित्रकारांचा एक ठोकताळा आहे: जितके दूर दिसते त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत विषय असावा. चार मीटर दिसत असेल तर ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या अंतरावर. तेवढ्या अंतरात मालवणच्या तळाशी बघण्यासारखे भरपूर आहे: प्रवाळाचे उमललेले लहान जीव, शंख नसलेल्या रंगीत समुद्रगोगलगायी, कपारीतून तोंड काढणारा गोबरा मासा, खेकडे. संपूर्ण प्रवाळभिंत एका चौकटीत मावणार नाही. तो हट्ट येथे सोडावा लागतो.

उजेडाची अडचण या कलेच्या जन्मापासूनची आहे. १८५६ मध्ये इंग्लंडमधल्या वेमथजवळ विल्यम थॉम्प्सनने पेटीत बंद केलेला कॅमेरा होडीतून पाण्यात सोडला. पेटीत पाणी शिरले आणि चित्र अंधूक आले. फ्रान्समधल्या बान्यूल्स येथे १८९३ पासून लुई बुतां याने पाण्याखाली छायाचित्रे काढली, तेव्हा एकेका चित्राला कधी अर्धा-अर्धा तास लेन्स उघडी ठेवावी लागे. पुढे तो कृत्रिम प्रकाशाकडे वळला. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ विल्यम लाँग्ली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे काढली, ती तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून. भुकटी हाताळताना लाँग्ली भाजलाही. १९६३ मध्ये निकोनॉस हा पाण्याखालचा कॅमेरा आला तेव्हा कॅमेरा हातात मावू लागला, पण उजेड तरीही वेगळा न्यावाच लागला. कॅमेरे बदलत गेले, उजेडाची गरज बदलली नाही. नवशिक्याने याचा अर्थ असा घ्यावा की हाताशी असलेल्या पैशाचा मोठा वाटा कॅमेऱ्यापलीकडच्या वस्तूंसाठी राखावा.

माझी शिफारस स्पष्ट आहे. अगदी जवळून फोकस होणारा लहान, मजबूत कॅमेरा घ्यावा. ऑलिंपसचा टफ टीजी-६ किंवा त्याच घराण्यातला पुढचा टीजी-७ हे या गटाचे ठळक उदाहरण. लेन्सपासून एका सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही ते फोकस करू शकतात. मात्र त्यांच्यावर ‘पंधरा मीटर जलरोधक’ असे लिहिलेले असते, तेवढ्यावर विसंबू नये. तुमचे प्रमाणपत्र अठरा मीटरचे, आणि दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. टीजी-६ साठी बनवलेली हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीची जलरोधक पेटी, पंचेचाळीस मीटरपर्यंत टिकते. ती कॅमेऱ्याबरोबरच घ्यावी. आणि त्यासोबत बाजूच्या दांडीवर बसणारा एक स्ट्रोब, म्हणजे वेगळा फ्लॅश. तो लेन्सपासून दूर असल्याने मधले कण फारसे उजळत नाहीत आणि त्याचा क्षणिक झोत हलत्या जिवालाही स्थिर पकडतो. स्ट्रोब परवडत नसेल तर रुंद झोताचा टॉर्च. अरुंद झोताचा मात्र नको, तो चौकटीत पांढरा डाग पाडतो. पैसा अगदीच कमी असेल तर वापरलेला कॅमेरा घ्यावा आणि उजेड नवा घ्यावा, उलट करू नये.

यावर आक्षेप येतीलच. पहिला, अ‍ॅक्शन कॅमेरा स्वस्त, छोटा, रुंद कोनाचा असताना हा खटाटोप कशाला? चलचित्रासाठी तो खरोखर उत्तम आहे आणि सोबत्यांच्या आठवणी टिपायच्या असतील तर तोच घ्यावा. पण साध्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा फोकस ठरावीक असतो. साधारण हातभर अंतराच्या आत आले की चित्र धूसर होते. नेमक्या ज्या अंतरावर आपल्याला काम करायचे, तिथेच तो हात टेकतो. दुसरा, रंग नंतर संगणकावर दुरुस्त करता येतातच की! काही अंशी येतात, रॉ फाइल असेल तर जरा जास्त. पण जो तांबडा प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचलाच नाही, तो ताणून आणल्यावर रंगाऐवजी खरखर वाढते. तिसरा, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी लावून चालणार नाही का? ती पिशवी पावसाच्या थेंबांसाठी आहे. पाण्याच्या दाबाखाली स्पर्शाचा पडदा भरवशाचा राहत नाही. बटणांची पक्की हाउसिंग मोबाइललाही मिळते आणि ती वाईट नाही. पण पाणी शिरले तर बुडतो तो तुमचा सारा व्यवहार.

सर्वांत वजनदार आक्षेप मोर्शीचाच आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर, वर्षाकाठी एखादी फेरी, मग एवढा खर्च कोणाच्या भरवशावर? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच कारणाने मोठ्या मिररलेस कॅमेऱ्याची मोठी हाउसिंग मी नाकारतो. बहुतेक वेळा ती कॅमेऱ्याइतकीच किंवा त्याहून महाग असते, एकाच मॉडेलला बसते आणि कोकणातून परत आली की कपाटात पडून राहते. लहान कॅमेरा मात्र वर्षभर कामी येतो. आंबिया बहाराच्या वेळी संत्र्याच्या फुलावरची मधमाशी, पानावरची लिंबू-फुलपाखराची अळी, यांचे जवळून छायाचित्र काढताना तीच बोटे, तेच अंतर, तेच उजेडाचे गणित लागते. मूळ कौशल्य कोरड्यावरच शिकून घ्यावे. पुढचा सराव शहरातल्या जलतरण तलावात, जीवरक्षकाच्या देखत. सिंभोऱ्याच्या नळ-दमयंती सागर धरणात असा प्रयोग कोणी करू नये. धरणाचे पाणी गढूळ, तळ बुडालेल्या झाडाझुडपांचा आणि मासेमारीच्या जाळ्यांचा, आणि मदत दूर.

उद्या अंदमानला गेलो तर लहान कॅमेरा अपुरा पडेल, हेही कोणी म्हणेल. तेव्हा हाउसिंगच्या पुढे पाण्यातच बसवता-काढता येणारी रुंद कोनाची लेन्स जोडता येते. आधीचा कॅमेरा, हाउसिंग, स्ट्रोब सारे तसेच राहते.

आणखी दोन गोष्टी, ज्या दुकानदार सहसा सांगत नाही. हाउसिंगचा जीव एका रबरी ओ-रिंगवर असतो. तिच्यावर एक केस किंवा कापसाचा एक तंतू बसला तरी पाणी आत येते, आणि आपल्या मुलखात कापसाचे तंतू नसलेला कोपरा शोधावा लागतो. तेव्हा ती सुती फडक्याने किंवा कापसाच्या बोळ्याने पुसू नये. स्वच्छ बोटाने चाचपावी, उत्पादकाने दिलेला वंगणाचा पुसट थर द्यावा. पहिल्या वेळी आत कॅमेऱ्याऐवजी कोरडा टिपकागद ठेवून हाउसिंग पाण्यात बुडवावी. वैशाखात बंद गाडीत हे साहित्य ठेवू नये. आणि समुद्रातून वर आल्यावर सगळे गोड्या पाण्यात भिजवल्याशिवाय उघडू नये.

दुसरी गोष्ट अंगातली आहे. जवळून काढायचे म्हणजे तळाशी, प्रवाळाच्या बाजूला, हात न टेकता स्थिर राहायचे. ज्याला श्वासावर तरंगणे जमत नाही तो तोल सावरायला प्रवाळालाच धरतो, आणि शतकभर वाढलेला खडक एका पायपंख्याच्या फटक्यात तुटतो. बहुतेक प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, म्हणजे वाघाच्याच रांगेत. त्यामुळे प्रमाणपत्रानंतरच्या पहिल्या काही उतरणी कॅमेऱ्याशिवाय कराव्यात. मग एक-दोन उतरणींसाठी केंद्राकडून भाड्याने कॅमेरा घ्यावा आणि प्रशिक्षकाला आपल्या पायांकडे लक्ष ठेवायला सांगावे. त्याने होकार दिला की खरेदीची यादी काढावी, त्यात वरून पहिले नाव उजेडाचे.