सावळा देव आणि काळी मुलगी

वैनगंगेच्या खोऱ्यांतील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें धानाचें आणि नाटकांचें गांव. धानाची कापणी आटोपली कीं झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांची येथें लगबग सुरू होते, आणि घरोघर मुली पाहण्याचे कार्यक्रमही. मुलगी पोहे घेऊन बाहेर येते. शिक्षण, स्वयंपाक यांविषयीं चार प्रश्न होतात. पुढें मध्यस्थाकडून निरोप येतो, "मुलगी चांगली आहे, पण रंगानें उजळ नाहीं."

हा 'पण' जिव्हारीं लागतो. तथापि जखम त्या दिवसाची नसते. "काळी असली तरी नाकींडोळीं नीटस," असें आजीनें कौतुकानेंच म्हटलेलें असतें. आईनें हळद आणि डाळीचें पीठ मायेनेंच चोळलेलें असतें. मायेच्या हातून झालेल्या जखमेची तक्रार तरी कोणाकडे करावी? आणि त्याच घरांत सायंकाळीं सावळ्या विठ्ठलाची आरती होते! भर सभेंत प्रश्न विचारणारी द्रौपदी वर्णानें काळी, म्हणूनच तिला कृष्णा म्हणत, हेंही सर्वांस ठाऊक असतें.

अमेरिकेंत १९४० च्या सुमारास केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानें लहान मुलांपुढें गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेविल्या. बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनीं गोरी बाहुलीच चांगली म्हणून निवडली. "तुझ्यासारखी कोणती?" असें विचारतांच कांहीं मुलें रडूं लागलीं. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालांत क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे. आपल्याकडे १९७५ मध्यें निघालेल्या 'फेअर अँड लव्हली'चें नांव २०२० सालीं बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालें. नांव बदललें, डबी फळीवरच राहिली.

त्वचेंतील मेलॅनिन हें द्रव्य उन्हाच्या अतिनील किरणांपासून शरीराचें रक्षण करतें. एवढें ज्ञान उपयोगी खरें, पण त्यानें डोळ्यांतलें पाणी थांबत नाहीं. मुलगी रडूं लागली तर तिला रडूं द्यावें. "वेडे, रंगानें काय होतें?" असें म्हणून तिला गप्प करूं नये, रंगानें पुष्कळ होतें, हें ती पुरतें जाणते. "तूं कुठें काळी आहेस?" ही समजूत तर त्याहून घातक, कारण तींत काळें असणें हा दोष आहे, हें आधींच मान्य केलेलें असतें. तिला लागलेला शब्द तिनें कोणाजवळ तरी उच्चारावा, आणि ऐकणाऱ्या आईनें, "होय, मीही तसें बोललें होतें," एवढें कबूल करावें.

मग पोह्यांच्या बैठकींत एखादी मुलगी शांतपणें म्हणते, "मी काळी आहें. पुढचा प्रश्न विचारा." मध्यस्थ गडबडतो. आई मात्र या वेळीं मध्यें बोलत नाहीं.