काविळीवर नव्या धर्तीची लस

कावीळ म्हटली की आपल्याकडे कोणी माळ घालायला सांगतो, कोणी नाकात रस पिळायला. महिन्याभरात डोळे पांढरे झाले की श्रेय माळेला! वास्तविक दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंची कावीळ बहुधा आपली आपणच उतरते. पण म्हणून तिला क्षुल्लक समजू नका. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर स्त्रियांना ती विशेष घातक ठरली. हा ‘ई’ विषाणूचा प्रताप होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

रक्तावाटे पसरणारे ‘बी’ आणि ‘सी’ तर अधिक कपटी. ते यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडतात आणि कित्येकांना शेवटी यकृताचा कर्करोग होतो. ‘बी’वर उत्तम लस आहे. त्या विषाणूच्या आवरणातले एक प्रथिन यीस्टच्या पेशींकडून करवून घ्यायचे व ते टोचायचे, ही रीत १९८६ पासून चालू आहे. ‘सी’वर मात्र अद्याप लस नाही.

मग ही डीएनए लस म्हणजे काय? सासरी गेलेल्या लेकीला आई कधी तयार लाडू पाठवते, तर कधी नुसती कृती लिहून पाठवते. जुनी लस म्हणजे लाडू. डीएनए लस म्हणजे कृतीचा कागद. विषाणूच्या एका प्रथिनाची कृती आपल्या पेशींना द्यायची. प्रथिन त्या स्वतःच बनवतात आणि शरीर त्या शत्रूला ओळखायला शिकते. संपूर्ण विषाणू आत जातच नाही, त्यामुळे रोग होण्याची धास्ती नाही. शिवाय रोगग्रस्त पेशी हुडकून मारणारे रक्तातले शिपाईही यामुळे जागे होतात. ‘बी’ ज्यांच्या शरीरात आधीच मुरला आहे, त्यांनाही यातून आशा आहे.

१९९३ मध्ये ‘बी’ची अशी कृती उंदरांना टोचली, तेव्हा त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली. पण उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा! माणसात टोचलेल्या डीएनएपैकी फारच थोडा पेशींच्या आत पोचतो. म्हणून कोणी विजेचा सौम्य झटका देऊन पाहतात, कोणी तो स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत ‘ई’साठी माकडांवर झालेले असे प्रयोग आशादायक ठरले.

माणसांसाठी पहिली डीएनए लस २०२१ मध्ये आपल्याच देशात मंजूर झाली. परंतु ती कोविडवरची. काविळीची अजून प्रयोगशाळेतून आणि चाचण्यांतूनच वाट काढते आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत त्याला ‘बी’ची लस टोचून घ्या, पाण्याची शंका आली की ते उकळून प्या, आणि दुसऱ्याला वापरलेली सुई अंगाला लावू देऊ नका. उद्याची लस येईल तेव्हा येईल. आजची तर दवाखान्यात तयार आहे ना!